पाटी लावायची तर पुरी लावा

पाचोरा-जामनेर गाडीची आठवण म्हणून पहूर स्टेशनात एक पाटी लावावी, असं चारचौघांत बोललं की हमखास उत्तर येतं, "गुरुजी, ब्रॉडगेज येणार आहे, त्या खटाऱ्याचं काय घेऊन बसलात?"

या मंडळींशी माझं भांडण आहे. ब्रॉडगेज हवीच. बोदवडपर्यंतच्या मार्गाला मंजुरी मिळाली आहे, काम लवकर होवो. पण नवीन रूळ टाकायचे म्हणजे जुन्याचा मागमूस पुसायचा, हे कुठलं शास्त्र? माथेरानची १९०७ सालची गाडी सगळे जिवापाड जपतात. का, तर तिच्यात पर्यटक बसतात. आमच्या 'पीजे'त भाजीच्या पाट्या घेतलेल्या बाया बसायच्या, शाळेची पोरं बसायची, त्रिविक्रमाच्या यात्रेला शेंदुर्णीला निघालेली माणसं बसायची. २०२० मध्ये टाळेबंदीत ती थांबली, ती थांबलीच. बोरीबंदर ते ठाणे, १६ एप्रिल १८५३, हे आमच्या पोरांना तोंडपाठ. दारातल्या ५६ किलोमीटरचं मात्र कोणी विचारत नाही!

दुसरी मंडळी पाटीला एका पायावर तयार आहेत. त्यांची मला जास्त भीती वाटते. संगमरवर येईल, 'यांच्या शुभहस्ते' खाली आठ नावं येतील आणि गाडीबद्दल एक ओळ. त्यातही 'इंग्रजांची देणगी' असं काहीतरी.

देणगी कसली? या भागात कापूस पिकतो. तो पाचोऱ्याला मोठ्या लाइनीवर आणायचा, की तिथून मुंबईच्या गिरण्या आणि गोदी गाठता येते. मोठे रूळ साडेपाच फुटांचे, आमचे अडीच. जमीन कमी, वळणं आखूड, खर्च थोडा. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंजिनिअरने १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेवर दाखवून दिलं होतं, की वजन सगळ्या चाकांवर सारखं वाटलं तर हलक्या रुळांवरूनही भरपूर माल जातो. हुशारीच ती, नाकारत नाही. पण रुळांची रुंदी बदलली की डबा पुढे जात नाही. माल छोट्या डब्यातून उतरवून मोठ्या डब्यात चढवावा लागतो. म्हणजे रेल्वेचा जो खर्च वाचला, त्यातला काही भाग हमालांच्या पाठीवर गेला. पाटीवर हे यायला हवं. गँगमनचं, फाटकवाल्याचंही यायला हवं.

पाटी मराठीत हवी, अक्षर मोठं हवं, म्हणजे आमच्यासारख्यांना चष्मा शोधावा लागणार नाही. शेजारी जुन्या रुळाचे दोन तुकडे, बरोबर अडीच फुटांच्या अंतराने. पोरांनी त्यांत उभं राहून पावलं मोजावीत. उद्घाटनाला मंत्री नकोत. या लाइनीवर नोकरी केलेल्या एखाद्या म्हाताऱ्याला बोलवा, आणि त्याला भाषण करायला लावू नका, चहा द्या.