सलीमचं चित्र काढणारा सलीम कुठे आहे?

आपल्याकडे चित्रकला स्पर्धांना तोटा नाही. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, नगरसेवकाचा वाढदिवस, पतपेढीचा वर्धापनदिन, निमित्त कुठलंही चालतं. मुलांना मैदानात बसवायचं, ड्रॉइंग पेपर वाटायचे, ‘पाणी वाचवा’ हा विषय द्यायचा आणि संध्याकाळी ढाली वाटून फोटो काढायचे. या स्पर्धांना माझा विरोध नाही. माझा प्रश्न असा आहे, की ही मुलं जी पुस्तकं वाचतात, त्यातली चित्रं काढणाऱ्या मोठ्या माणसांसाठी आपण काय करतो? मूल चित्र काढतं तेव्हा टाळ्या वाजतात. तेच मूल पंचविशीत मुलांच्या पुस्तकासाठी चित्रं काढायला बसलं, की घरचे विचारतात, ‘पोट कसं भरणार?’

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. दोन्हीकडची बालपुस्तकं माझ्या हाताखालून जातात. मराठी पुस्तकातला सलीम बहुतेक वेळा ईदलाच भेटतो. डोक्यावर जाळीची टोपी, हातात शीरखुर्म्याची वाटी, मागे घुमट आणि चंद्रकोर. ईद संपली की सलीम गायब. तो विज्ञानाच्या प्रयोगात नसतो, कबड्डीच्या संघात नसतो, पावसात भिजताना तर नसतोच. त्याची अम्मी बुरख्यात दारापाशी उभी असते. शिलाई मशीनवर बसलेली, रेशनच्या रांगेत भांडणारी, पालकसभेत हात वर करणारी अम्मी दिसत नाही. चित्रकाराच्या मनात द्वेष असतो असं मी म्हणणार नाही. त्याला वेळ कमी मिळालेला असतो, मानधन त्याहून कमी, आणि मुसलमान पात्र लगेच ओळखू आलं पाहिजे ही घाई असते. मग टोपी ही नावाची पाटी होते.

उर्दूची तऱ्हा वेगळी. तिथे पुष्कळदा चित्रं मूळ हिंदी किंवा इंग्रजी पुस्तकाचीच राहतात, फक्त मजकूर बदलतो. आता उर्दू उजवीकडून डावीकडे वाचली जाते, पुस्तकाची पानंही उलट बाजूनं उलटतात. मूळ चित्रातली मुलगी उजवीकडे, म्हणजे पुढच्या पानाकडे, धावत असते. उर्दू पुस्तकात तीच मुलगी गोष्टीकडे पाठ फिरवून मागे पळताना दिसते. चित्र आरशासारखं फिरवून छापलं, तर सगळे डावखुरे होतात आणि दुकानाच्या पाट्या उलट्या. उर्दू पान डोळ्यापुढे ठेवून विचार करणारा चित्रकारच तयार केला नाही, तर दुसरं काय होणार?

चित्रकार तयार कसे होतात, हे जगानं करून दाखवलं आहे. इटलीतल्या बोलोन्या शहरात १९६४ पासून बालपुस्तकांचा मेळा भरतो आणि १९६७ पासून तिथे चित्रकारांचं प्रदर्शन लागतं. दरवर्षी हजारो चित्रकार कामं पाठवतात. मागतात काय? एकाच विषयावरची पाच चित्रं. देखणं चित्र एखादं जमून जातं. पाच चित्रांत तोच मुलगा तोच राहिला का, गोष्ट पुढे सरकली का, हे पाहिलं की पुस्तकाचा चित्रकार ओळखू येतो. छापलेलं पुस्तक हाताशी नसलं तरी अडत नाही. निवडलेली चित्रं मेळ्याला आलेल्या प्रकाशकांच्या नजरेसमोर लागतात आणि त्यातून काम मिळतं.

स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हाला १९६७ पासूनच दर दोन वर्षांनी असं प्रदर्शन भरतं, पण तिथे छापलेल्या पुस्तकांचाच विचार होतो. आपल्यासारख्यांच्या उपयोगाची होती ती जपानची नोमा स्पर्धा. १९७८ ते २००८ या काळात ती आशिया, आफ्रिका, अरब देश आणि लॅटिन अमेरिकेतल्या चित्रकारांसाठी चालली. अप्रकाशित चित्रंही तिथे चालत. जिथे पुस्तक छापून येणं हीच अडचण आहे, तिथल्या चित्रकाराला ‘आधी पुस्तक आण’ म्हणणं म्हणजे दार लावून घेणं. हे जपानला कळलं होतं. आपल्याला कधी कळणार?

आपली इंटरमिजिएट परीक्षा घ्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. हात तयार करायला हे उत्तम आहे, आणि दहावीला वाढीव गुणही मिळतात. पण गोष्ट वाचून तिची सलग चित्रं काढा, असं त्यात कुठे येतं? स्मरणचित्रात बाजार काढला, बसस्टँड काढला, एका कागदावर संपलं. आपल्या परीक्षांनी आणि स्पर्धांनी मुलांना एकट्या चित्राची सवय लावली आहे. पुस्तकाला चित्रांची माळ लागते.

कुणी म्हणेल, हे श्रीमंत देशांचे चोचले आहेत. मग इराणकडे बघा. तिथे १९६५ मध्ये मुलांसाठी ‘कानून’ ही संस्था उभी राहिली. तिनं गावोगावी वाचनालयं काढली आणि चित्रकारांना हाताशी धरलं. अब्बास कियारोस्तामी सिनेमाकडे वळले ते याच संस्थेत. समद बेहरंगी नावाच्या खेड्यात शिकवणाऱ्या मास्तरानं एका छोट्या काळ्या माशाची गोष्ट लिहिली. फर्शीद मेस्गाली यांनी तिची चित्रं काढली. १९६९ मध्ये त्या चित्रांना बोलोन्यात बक्षीस मिळालं आणि १९७४ मध्ये मेस्गालींना चित्रकारांसाठीचा हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार. हा मान मिळवणारे ते आशियातले पहिले. पुस्तक फारसी, लेखक गावातला शिक्षक, लिपी उजवीकडून डावीकडे. यातलं काहीच आड आलं नाही, कारण पाठीशी संस्था होती. १९७९ ची क्रांती झाली, राज्य बदललं, तरी ‘कानून’ बंद झाली नाही.

आता आपल्या घरातल्या आक्षेपाकडे येते. ‘तस्वीर जायज नाही, मग या सगळ्याची गरजच काय?’ सजीवांच्या चित्राबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, आणि ज्यांना आपल्यापुरतं पथ्य पाळायचं आहे त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण ज्या घरात बाळाला घास भरवायला मोबाइलवर कार्टून लागतं, लग्नाचा व्हिडिओ होतो, जलशाच्या फ्लेक्सवर पाहुण्यांचे हसरे फोटो असतात, तिथे नेमकं मुलांच्या पुस्तकातलं चित्रच हराम कसं ठरतं? इतिहासही आठवावा. अल-हरीरीच्या मकामातला याह्या अल-वासितीनं १२३७ मध्ये चित्रं काढली. आपलं पंचतंत्र अरबीत ‘कलीला व दिम्ना’ झालं आणि शतकानुशतकं चित्रांसकट फिरलं. अकबराच्या चित्रशाळेनं हम्जानाम्यासाठी सुमारे १४०० चित्रं केली. ती मुलांची पुस्तकं नव्हती, हे खरं. पण गोष्टीला चित्र जोडणं आपल्याला परकं होतं, हे साफ खोटं.

दुसऱ्या बाजूचाही हिशोब करू. स्पर्धा म्हटली की आयोजक खूश होतात, कारण फुकटात चित्रं मिळतात. नियमावलीत तळाशी बारीक अक्षरांत ओळ असते, ‘सर्व प्रवेशिकांचे हक्क आयोजकांकडे राहतील.’ सर्व! म्हणजे बक्षीस तिघांना आणि हक्क तीनशे जणांचे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, नोकरीचा भाग म्हणून काढलेलं नसेल, तर चित्राचा पहिला मालक सहसा चित्रकारच असतो. लेखी कराराशिवाय त्याचा हक्क दुसऱ्याच्या नावावर होत नाही, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. ही गोष्ट प्रत्येक कलाशिक्षकानं वर्गात सांगायला हवी. हक्क मागणारी स्पर्धा हा सन्मान नाही, ती स्वस्तातली खरेदी आहे.

मुसलमानाचं चित्र मुसलमानानंच काढावं, असं माझं म्हणणं मुळीच नाही. गल्लीत येऊन, ओट्यावर बसून ज्यानं पाहिलं, त्यानं काढावं. मग तो सुरेश असो की शबाना. पण मालेगावच्या यंत्रमागाचा खडखडाट ऐकत वाढलेली, भिवंडीच्या चाळीत राहिलेली, कोकणातल्या खाडीवर जाळं ओढणाऱ्या बापाची मुलगी या धंद्यात उतरलीच नाही, तर सलीमची टोपी सुटणार नाही.

म्हणून मागणी साधी आहे. महाराष्ट्रात दरवर्षी मराठी आणि उर्दू बालपुस्तकांच्या चित्रकारांसाठी एक स्पर्धा व्हावी. पाच चित्रांची मालिका मागावी, अप्रकाशित काम चालावं, प्रवेश फी नसावी, हक्क चित्रकाराकडे राहावेत. परीक्षकांत एक प्रकाशक असावा आणि एक शिक्षक. पहिल्या आलेल्या मालिकेचं पुस्तक निघावं, कव्हरवर लेखकाइतक्याच मोठ्या अक्षरांत चित्रकाराचं नाव असावं. प्रदर्शन मुंबई-पुण्यात अडकू नये. ते परभणीला, मालेगावला, मिरजेला, शाळेच्या हॉलमध्ये लागावं आणि मुलांनी ते बोटं लावून बघावं.

सरकार करेल तेव्हा करेल. आपल्या अंजुमन आणि ट्रस्टांना दरवर्षी गुणवंतांच्या सत्काराला हॉल मिळतो, शाली मिळतात, पाहुणे मिळतात. नीट पास झालेल्या मुलामुलींचा सत्कार जरूर करा. पण या वर्षी त्याच हॉलच्या भिंती दोन दिवस चित्रकारांना द्याल का?