प्रयोगाला मार्क किती?

सबमिशनचा आठवडा आठवा. लॅबमधल्या अर्ध्या कॉम्प्युटरवर रेंडर अडकलेलं, कुणाचा पेनड्राइव्ह कुणाकडे, आणि बाहेर पायऱ्यांवर बसून कुणीतरी जर्नलची शेवटची पानं भरतंय. डिजिटल मीडिया आर्ट हा विषय तुम्हाला असेल, तर त्यात ‘प्रायोगिक प्रकल्प’ नावाची एक असाइनमेंटही असणार. माझा प्रश्न तिच्याबद्दलच आहे. तुम्ही त्यात खरंच प्रयोग केलात, की मार्क मिळतील असं काहीतरी करून त्याला प्रयोग म्हटलंत?

मी दुसरं केलं, हे आधीच कबूल करून टाकते. मला लोकलच्या आवाजावर रंग बदलणारी चित्रं करायची होती. दोन आठवडे कोड चालेना. मग घाबरले आणि तीन दिवसांत टेम्प्लेट घेऊन एक चकचकीत मोशन पोस्टर करून दिलं. मार्क चांगले पडले. आज ते पोस्टर कुणाला दाखवावंसंही वाटत नाही.

माझ्या मैत्रिणीने मात्र प्रयोग केला. तिच्या आजीचं घर चिपळूणला. जुलै 2021च्या पुरात घरातले फोटो अल्बम चिखलात गेले. धुऊन वाळवलेल्या फोटोंवर रंग ओघळून डाग पडले होते. तिने ते स्कॅन केले. मग त्याच घराचे मोबाइलमधले धडधाकट फोटो घेतले, बीएमपी फाइल केली आणि ती ऑडेसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. फोटोचा डेटा आवाज समजून त्याला एको दिला आणि पुन्हा फोटो म्हणून सेव्ह केला. घराचं छप्पर तीन-तीनदा उमटलं, भिंती सरकल्या. पहिल्या वीसेक फाइल्स तर उघडल्याच नाहीत. फोटोची रुंदी-उंची सांगणारा हेडर फाइलच्या सुरुवातीला असतो, त्याला हात लावायचा नाही, हे तिला तेव्हा कळलं. शेवटी पाण्याने बिघडलेला फोटो आणि डेटाने बिघडलेला फोटो तिने शेजारी शेजारी लावले. आठवण कशी कशी खराब होते, हा तिचा प्रश्न होता.

व्हायवाला एक्स्टर्नलनी विचारलं, “फोटो खराब आहेत, मग रिस्टोअर का नाही केले?” 25 पैकी 11 मार्क. सुट्टीत लॅबचे कॉम्प्युटर फॉरमॅट झाले आणि निम्म्या फाइल्स त्यात गेल्या.

“याचा उपयोग काय?” हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. जे. जे.मध्ये शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1912 साली लंडनहून कॅमेरा आणला आणि त्यापुढे चक्क वाटाण्याचं रोप ठेवलं. महिनाभराहून जास्त काळ, रोज थोडं थोडं टिपत त्यांनी अंकुराची वाढ चित्रित केली. ना गोष्ट, ना नट. पण कॅमेऱ्यात वेळ पकडता येतो, हे त्यातून दिसलं. ती फिल्म निवडक लोकांना दाखवून त्यांनी भांडवल मिळवलं, आणि 1913मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला.

दुसरं उदाहरण मुंबईतलंच. चित्रकार अकबर पदमसी यांनी 1969मध्ये नेहरू फेलोशिपच्या पैशांतून ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू केलं. चित्रकार आणि फिल्मवाल्यांनी एकत्र येऊन काहीही करून बघावं, अशी ती जागा. विशीतल्या नलिनी मलानी तिथे कॅमेऱ्याशी खेळल्या, आणि पुढे व्हिडिओ कलेत त्यांचं नाव जगभर झालं. खुद्द पदमसींनी तिथे ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ नावाची फिल्म केली. तिची एकच प्रत होती, ती हरवली. तिचा माग घेत आशिम अहलुवालिया यांनी 2016मध्ये त्याच नावाची फिल्म केली, पण मूळ फिल्म काही परत आली नाही. एवढ्या मोठ्या कलावंताचं काम हरवू शकतं, तर लॅबच्या डी ड्राइव्हमधल्या तुमच्या फोल्डरचं काय?

आता दुसरी बाजू. एका मॅडमकडे साठ विद्यार्थी, एकच लॅब, आणि दिलेल्या प्रत्येक मार्काचं उत्तर द्यायचं. सफाईदार काम तपासणं सोपं असतं. शिवाय आपणही काही कमी नाही. आदल्या रात्री दोन फिल्टर मारायचे आणि ‘सर, हे एक्स्पेरिमेंटल आहे’ म्हणायचं, हे आपल्यातल्या कितीजणांनी केलंय! असल्या कामामुळेच खऱ्या प्रयोगावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

फरक ओळखता येतो, फार अवघड नाही. प्रयोगात एक प्रश्न असतो, तो सुटावा म्हणून काय काय करून पाहिलं याची नोंद असते, आणि काय जमलं नाही तेही लपवलेलं नसतं. म्हणून कॉलेजांकडे एकच मागणी आहे. प्रायोगिक प्रकल्पाचे निम्मे मार्क या नोंदवहीला द्या. न उघडलेल्या वीस फाइल्सही त्यात असू द्या. एक्स्टर्नलना आधीच सांगा की ‘फायनल कुठाय?’च्या आधी ‘काय शोधत होतात?’ हे विचारायचं. आणि लॅब फॉरमॅट करण्याआधी मुलांचं काम एका हार्ड डिस्कवर घ्या. यासाठी नवा अभ्यासक्रम लागत नाही.

तुमच्याकडेही एक मागणी आहे. प्लेसमेंट महत्त्वाची आहे, घरच्यांनी फी भरलीय, नीटनेटकी शोरील लागतेच, ती कराच. पण वर्षातून एक काम असं करा की जे कसं होईल ते तुम्हालाच माहीत नाही. रोज दोन ओळी लिहून ठेवा. फाइल दोन ठिकाणी ठेवा, आणि कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये केली तेही लिहा. 31 डिसेंबर 2020ला अडोबीने फ्लॅशचा सपोर्ट बंद केला आणि आपल्या सीनियर्सची कितीतरी ॲनिमेशन्स ब्राउझरमध्ये उघडेनाशी झाली. सॉफ्टवेअर कायम राहील या भरवशावर बसू नका.

माझ्या मैत्रिणीच्या उरलेल्या फाइल्स घरच्या पेनड्राइव्हमध्ये होत्या. गेल्या महिन्यात तिने त्यांचे प्रिंट काढले आणि आजीला दाखवले. एको दिलेल्या फोटोवर आजीने बोट ठेवलं आणि म्हणाली, “पाणी चढत होतं ना, तेव्हा असंच दिसत होतं बघ.”

ते 11 मार्क आजही मार्कशीटवर तसेच आहेत. मी मात्र लोकलच्या आवाजाची फाइल काल पुन्हा उघडली. कोड अजून चालत नाही.