निष्ठा नव्हे, पगार पाहा

'पाळणाघरातल्या ताई टिकत नाहीत, कारण निष्ठाच उरली नाही' हे गेल्या अंकातले पत्र वाचले. मी डोंबिवलीत पाळणाघर चालवते. ताई बदलली की आमच्याकडची दीड वर्षाची पोर वरणभाताला तोंड लावत नाही, त्यामुळे काळजी मलाही आहे. पण चार घरच्या पोळ्या लाटून तेवढेच पैसे सुटत असतील, तर दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांची शी-शू कोण काढेल? त्यात पालक सातऐवजी आठला उगवणार! आम्ही उशिराचे पैसे आकारून ते थेट ताईंच्या हातात देऊ लागलो. पालक कुरकुरले, ताई मात्र थांबल्या. 2017च्या कायदादुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले. तिथल्या ताईंना पगार किती द्यावा, हेही पत्रलेखकांनी सुचवावे.

– एक पाळणाघरचालिका, डोंबिवली