दारावरचा प्रेक्षक

बँकेत आयुष्य खिडकीआड गेले. निवृत्तीनंतर पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात स्वयंसेवक म्हणून दाराशी उभा राहिलो, तेव्हा वाटले, काम तेच. टोकनऐवजी गळ्यातला पास बघायचा, एवढेच. हा महोत्सव २००२ साली सुरू झाला. पण ज्या गावात 'प्रभात'च्या स्टुडिओत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट आली आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, तिथे अशा रांगेची सवय जुनीच. पेन्शनर, विद्यार्थी, सकाळीच डबा बांधून आलेल्या गृहिणी.

एका संध्याकाळी इराणी चित्रपटाला सभागृह भरले. साताऱ्याहून एसटीने आलेली एक मुलगी धापा टाकत दाराशी आली. "काका, पायरीवर बसते." मी नियम सांगितला, दार लावले आणि आत गेलो. चौथ्या रांगेतल्या एका खुर्चीवर माझी पिशवी होती. दुपारीच ठेवली होती. ती उचलून बसलो. पडद्यावर काय चालले होते, ते आज आठवत नाही.

स्वयंसेवकाला निदान एक खुर्ची तरी द्यावी, असे म्हणतात. मीही म्हणत असे. पण हौसेने केलेले काम म्हणजे काही मुदत ठेव नव्हे, व्याज मागायला! दारावरच्या माणसाने जागा धरू नये. दिवे मालवल्यावर खुर्ची रिकामी दिसली तर बसावे, नाहीतर भिंतीला टेकून पाहावे. गुडघे कुरकुरतात, हे खरे.

पुढच्या वर्षी पिशवी घरीच ठेवली. ती मुलगी मात्र रांगेत पुन्हा दिसली नाही.