अंधारबावीतली आकडेवारी

पन्हाळ्यावर येणारा प्रत्येक जण अंधारबावीत उतरून एक तरी फोटो काढतो. तीन मजली दगडी इमारत, तळाशी पाणी. वेढा पडला तर शत्रूनं पाण्यात विष कालवू नये म्हणून विहीरच झाकून टाकली, असं सांगतात. जुलै २०२५मध्ये गड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला आणि तालुक्यातल्या आम्ही सगळ्यांनी स्टेटस ठेवले. पण गडाखालच्या आमच्या विहिरी-बोअरच्या पाण्यात काय आहे, असं कुणी विचारलं तर मला उत्तर देता येत नाही. पाणी तपासायला सरकारची चार-चार खाती आहेत. त्यांचे आकडे मात्र चार वेगवेगळ्या कपाटांत आहेत.

केंद्रीय भूजल मंडळ दिल्लीच्या जलशक्ती मंत्रालयाचं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्याच्या पाणीपुरवठा विभागाची. प्रदूषण नियंत्रण मंडळ पर्यावरण विभागाकडे. आणि गावात जलसुरक्षक बाटली भरतो, त्याचा हिशेब जिल्हा परिषदेकडे. विहिरी वेगळ्या, त्यांचे क्रमांक वेगळे, वेळापत्रकं वेगळी. आपला काळा पाषाण तर असा, की पाणी भेगांतून फिरतं आणि शेजारच्या दोन बोअरचं पाणीही सारखं नसतं. मग चौघांचे आकडे एकमेकांना जोडल्याशिवाय चित्र दिसणार कसं?

उदाहरण नायट्रेटचं घ्या. हा उसाचा पट्टा. पिकानं न घेतलेलं युरियातलं नत्र पावसाबरोबर खाली झिरपतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. त्याला रंग नाही, वास नाही. टीसीएल टाकून ते जात नाही, आणि पाणी उकळलं तर त्याचं प्रमाण उलट वाढतं. त्या पाण्यात दुधाची पावडर कालवली, तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते आणि बाळ निळं पडू शकतं. केंद्रीय मंडळाच्या २०२४च्या अहवालात देशभरातल्या सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर होतं. नमुने २०२३चे, अहवाल २०२४च्या शेवटी. तोवर ते बाळ चालायला लागलेलं असतं.

“पण ग्रामपंचायतीला हिरवं कार्ड आहे की!” आहे ना. ते हिरवं, पिवळं, लाल कार्ड स्वच्छता सर्वेक्षणाचं. विहिरीभोवती घाण आहे का, पाइप गळतो का, टीसीएल आहे का, एवढं ते सांगतं. नायट्रेटबद्दल ते अवाक्षर काढत नाही. गावकरी मात्र हिरवा रंग बघून निर्धास्त.

दुसरं ठरलेलं उत्तर: “डेटा पोर्टलवर आहे.” पोर्टल इंग्रजीत, विहिरीच्या नावाऐवजी सांकेतिक क्रमांक, वर तांत्रिक संज्ञा. माहिती अधिकार कायदा २००५चं कलम ४ सांगतं, की माहिती कुणी मागण्याआधीच द्यायची, आणि देताना स्थानिक भाषेचा व लोकांपर्यंत पोचणाऱ्या मार्गाचा विचार करायचा. म्हणजे यात कुणी मेहेरबानी मागत नाहीये.

तिसरं उत्तर दबक्या आवाजात येतं: आकडे सांगितले तर लोक घाबरतील. बांगलादेशात विंधनविहिरींत आर्सेनिक सापडलं, तेव्हा तिथं सुमारे ५० लाख विहिरी तपासून पंपांना रंग दिले. लाल म्हणजे पिऊ नका, हिरवा म्हणजे प्या. वाचता न येणाऱ्या बाईलाही कळलं आणि अनेक जणी शेजारच्या हिरव्या पंपावर जाऊ लागल्या. सगळा प्रश्न सुटला नाही, पण कुठलं पाणी प्यायचं हे ठरवायची सोय तर झाली. आपल्याकडे जिच्या डोक्यावर हंडा आहे, तिलाच निकाल माहीत नसतो.

म्हणून मागणी साधी आहे. एका विहिरीला एकच क्रमांक, चारही खात्यांत तोच. पावसाआधी आणि पावसानंतर, दोन्ही वेळा रासायनिक तपासणी. वाड्या-वस्त्यांवर पिण्यासाठी वापरले जाणारे खासगी बोअरही त्यात. आणि निकाल आला की त्याच आठवड्यात विहिरीवर मराठीत पाटी: तारीख, नायट्रेट किती, मर्यादा किती, प्यावं की नाही. तोच फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर.

येत्या ग्रामसभेत तुमच्या गावात एकच प्रश्न विचारा: आपल्या विहिरीचा शेवटचा रासायनिक अहवाल कुठं आहे? उत्तर आलं नाही, तर हा प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. त्याशिवाय उठू नका.