रिकाम्या खोल्यांचा हिशेब कोण मांडतो?

साथींनो, विद्यापीठाचा एखादा विभाग या आवारातून त्या आवारात हलवायचा की नाही, हा प्रश्न कुलगुरूंचा आणि प्राध्यापकांचा. गँगमनचा किंवा पोस्टातल्या सॉर्टरचा त्याच्याशी संबंध काय, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. आमचे म्हणणे असे की संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे. ड्यूटी सांभाळून पदवी मिळवू पाहणारा माणूस आपल्यातलाच आहे. शिवाय ज्या युक्तिवादाने विद्यापीठाचे विभाग हलवले जातात, तोच युक्तिवाद उद्या आपल्या वसाहतीच्या दारात येऊन उभा राहतो.

हा युक्तिवाद दिसायला मोठा सोज्वळ आहे. ‘जागेचा अधिक चांगला वापर!’ त्याला विरोध कोण करणार? सकाळी अकरा वाजता कोणी तरी वही घेऊन इमारतीतून फिरतो, रिकाम्या खोल्या मोजतो आणि अहवाल लिहितो की निम्मी जागा पडून आहे. मग शिफारस येते की सगळे विभाग शहराबाहेरच्या मोठ्या आवारात एकत्र आणावेत, आणि शहरातली मोक्याची इमारत ‘उत्पन्नाचे साधन’ म्हणून मोकळी करावी.

या अहवालवाल्यांना आम्ही एकदा रनिंग रूम दाखवू इच्छितो. दुपारी तिथल्या कित्येक खाटा रिकाम्या असतात. म्हणून त्या फालतू ठरतात काय? रात्री दोन वाजता गाडी सोडून आलेला माणूस त्याच खाटेवर पाठ टेकतो, म्हणून पहाटेची गाडी सुखरूप जाते. आरएमएसचा हॉल नाइट सेटच्या वेळी बघा आणि मग बोला. जागा कोणासाठी आहे हे ठरल्याशिवाय ती केव्हा मोजायची हे ठरत नाही. नोकरदार विद्यार्थ्याची खोली सकाळी अकराला रिकामीच असणार, कारण त्या वेळी तो कामावर असतो.

आम्ही स्थलांतराचे आंधळे विरोधक नाही. मुंबई विद्यापीठाचेच उदाहरण घ्या. 1857 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे फोर्टमधले आवार मुळातच लहान. रासायनिक तंत्रज्ञान विभाग 1933 साली सुरू झाला आणि 1943 मध्ये माटुंग्याच्या स्वतःच्या जागेत गेला. प्रयोगशाळांना जागा हवी होती, ती मिळाली आणि विभाग वाढला. आज ती स्वतंत्र संस्था आहे. सत्तरच्या दशकापासून कालिन्याला दोनशेहून अधिक एकरांवर विद्यानगरी उभी राहत गेली, त्यामुळे ग्रंथालय आणि विभागांच्या इमारती यांना ऐसपैस जागा झाली. हे कोणी नाकारत नाही.

पण या जमाखर्चाची दुसरी बाजू कोणी लिहीत नाही. 1919 साली सुरू झालेला समाजशास्त्राचा विभाग आणि 1921 सालचा अर्थशास्त्राचा विभाग, दोन्ही फोर्ट सोडून कालिन्याला गेले. फोर्टचे आवार चर्चगेटहून चालत दहा मिनिटांवर आहे. सीएसएमटीहूनही पायी जाता येते. कालिन्याला जायचे तर सांताक्रूझला किंवा कुर्ल्याला उतरून पुन्हा बस नाही तर रिक्षा. पाचला सुटणाऱ्या आणि कल्याणला किंवा विरारला घरी परतणाऱ्या कारकुनाला हा जादा तास कुठून आणायचा? जागेचा वापर वाढला असेल, पण त्या माणसाचा वापर संपला.

गंमत अशी की समाजशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस हे स्वतः नगररचनाकार होते. आधी पाहणी, मग आराखडा, हे त्यांचे सूत्र. तिथे कोण राहतो, कसा जगतो, हे बघितल्याशिवाय त्यांनी नगराच्या नकाशावर रेघ ओढायची नाही असे सांगितले. हे सूत्र खुद्द विद्यापीठांच्या जागावाटपाला लावले जात नाही, ही शोकांतिका आहे.

जागेचा खरा चांगला वापर कसा असतो हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवून दिले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले. त्याचे वर्ग सकाळी भरवले, हेतू हा की गरीब विद्यार्थ्याला वर्ग आटोपून नोकरीवर जाता यावे. आधी विद्यार्थ्याचे घड्याळ पाहिले आणि मग वेळापत्रक लावले. आजचे नियोजनकार आधी चौरस फूट मोजतात आणि विद्यार्थ्याला म्हणतात, जमत असेल तर या.

हे दुखणे मुंबईपुरते नाही. दिल्ली विद्यापीठाच्या विधि शाखेची संध्याकाळची केंद्रे एकेकाळी मंदिर मार्गावर आणि धौला कुआँला होती. सरकारी कचेऱ्यांतून सुटलेला कर्मचारी तिथे पोचू शके. पुढे 2010 नंतरच्या दशकात ही केंद्रे उत्तर दिल्लीतल्या मुख्य आवारात नेण्यात आली. त्यातच बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांनी अनिवासी संस्थांतले वर्ग सकाळी 8 ते संध्याकाळी 7 या वेळेत बसवले. कागदावर संस्था तीच राहिली, पण दक्षिण दिल्लीतल्या नोकरदाराची वाट लांबली आणि वेळ आखडली.

यावर उत्तर मिळते की ज्यांना येणे जमत नाही त्यांनी घरबसल्या शिकावे. हे आम्हाला कोणी शिकवू नये! दिल्लीत 1962 साली आणि मुंबईत 1971 साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू झाले, तेव्हा पाठांचे गठ्ठे आपल्याच मेल व्हॅनमधून गेले आणि आपल्याच पोस्टमनने दारोदार पोचवले. त्या शिक्षणाचे मोल आम्ही जाणतो. पण ते जोडीला हवे, बदली म्हणून नको. समोर बसलेल्या शिक्षकाला शंका विचारण्याचा हक्क आणि ग्रंथालयात बसण्याचा हक्क फक्त दिवसभर मोकळ्या असणाऱ्यांचाच काय?

आता आपल्या दाराकडे वळू. रेल्वेची जमीन ‘विकसित’ करण्यासाठी 2005 च्या कायदादुरुस्तीने स्वतंत्र प्राधिकरण आले. ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर झालेल्या 6 लाख कोटी रुपयांच्या चलनीकरण योजनेत 400 स्थानके, 15 रेल्वे स्टेडियम आणि निवडक रेल्वे वसाहती धरल्या होत्या. तिथेही भाषा हीच होती, की जागा पडून आहे, वापर कमी आहे. विद्यापीठाच्या वर्गखोलीबाबत आपण आज गप्प राहिलो, तर उद्या आपल्या इन्स्टिट्यूटच्या मैदानाबाबत कोणत्या तोंडाने बोलणार?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. एक, कोणताही विभाग हलवण्यापूर्वी जागेची मोजणी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी अशी तिन्ही वेळा व्हावी, आणि ती जाहीर करावी. दोन, तिथे शिकणाऱ्या नोकरदारांच्या प्रवासाचा वेळ आणि खर्च हिशेबात धरावा. तीन, नवी इमारत, ग्रंथालय आणि बससेवा तयार झाल्याशिवाय जुनी जागा सोडू नये. चार, मोकळी झालेली जागा शिक्षणासाठीच राहावी, सकाळ-संध्याकाळच्या वर्गांना प्रथम मिळावी, भाड्याच्या दुकानदारीला नव्हे. पाच, निर्णयात विद्यार्थी, शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचारी यांच्या संघटनांना स्थान असावे.

शाखांनी या मागण्यांचे ठराव करावेत आणि आपापल्या शहरातल्या विद्यापीठाला पाठवावेत. आपल्या शाखेत ड्यूटी करून शिकणारे किती आहेत, ते कुठे जातात आणि किती वाजता घरी पोचतात, याची यादीही सोबत जोडावी. अकरा वाजताच्या वहीला उत्तर द्यायचे तर आपली संध्याकाळी सातची वही तयार हवी!