मिनिटाला साठ शब्द, अर्थ किती?

तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द वाचावेत, असे लक्ष्य केंद्र सरकारच्या २०२१ सालच्या ‘निपुण भारत’ अभियानाने ठेवले. अडखळत वाचणाऱ्याची सारी शक्ती अक्षरे जुळवण्यातच खर्ची पडते, हे मान्य. ‘असर’च्या २०२४ सालच्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचा मजकूरही वाचता आला नाही, हेही खरे. परंतु ओघ हे साधन आहे. आकलनाचा उल्लेख अभियानाच्या कागदावर आहेच. पण जे घड्याळाने मोजता येते तेच वर्गात शिकवले जाते, त्याचे काय?

अनेक वर्गांत ‘आकलन’ म्हणजे प्रश्नातील शब्द उताऱ्यात हुडकून ते वाक्य उतरवून काढणे. ‘झिंबूने पोंडका कुरवला’ हे निरर्थक वाक्य देऊन ‘पोंडका कोणी कुरवला?’ असे विचारले, तरी ‘झिंबूने’ हे बिनचूक उत्तर येईल. गुण पुरे, अर्थ शून्य!

अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा दिला होता. वाचनात कच्ची, पण खेळ जाणणारी मुले ही वाचनात तरबेज, पण खेळाशी अनोळखी असलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. आकलन हे सुटे कसब नव्हे. जगाच्या ज्ञानावर ते उभे असते. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे वाचन-लेखनाच्या जोडीला हिशेब, इतिहास, भूगोल, शेती आणि आरोग्य यांचे प्राथमिक ज्ञान मागितले, ते उगाच नव्हे.

सुखवस्तू घरातील मुलाला हे ज्ञान घरीच मिळते. शेतमजुराच्या मुलाला मात्र शाळेवाचून आधार नाही. अक्षरओळखीवर त्याची बोळवण झाली, तर उद्या कर्जाच्या करारातील ‘परंतु’ आणि ‘अन्यथा’ ओलांडून ते मुकाट्याने खाली सही करील. असा वाचक कोणाच्या सोयीचा, हे सांगायला नको.

म्हणून वर्गात ‘काय झाले?’ यापुढे जाऊन ‘का झाले?’, ‘हे कोणत्या वाक्यावरून?’, ‘लेखकाने काय सांगायचे टाळले?’ असे प्रश्न विचारले गेले पाहिजेत. त्यासाठी शिक्षकाला अशैक्षणिक कामांतून मोकळीक हवी, शाळेला ग्रंथालय हवे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. कार्यकर्त्यांनी त्या पालकांना बरोबर घेऊन हा प्रश्न धसास लावावा. साक्षरतेचे आकडे सरकारला लखलाभ. कष्टकऱ्यांच्या मुलांना अर्थ हवा आहे.